खान्देशात राहून वटवाघळांच्या विषाणूरोधक जनुकांवर पीएच.डी. कशी सुरू करावी

रावेर-यावलच्या केळीबागांवर तिन्हीसांजेला उतरणारी वाघळे पाहून, किंवा पाटणादेवीच्या डोंगरात पाकोळ्या (लहान वटवाघळे) पाहून, ज्यांच्या मनात हा विषय आला असेल त्यांनी पहिली दोन वर्षे वाघळे पकडण्याच्या जाळ्याला हात लावू नये. वन विभागाची परवानगी, संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता आणि स्वतःचे रेबीजचे लसीकरण झाल्याखेरीज वाघळाला हात लावणे बेकायदा तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि साधारणतः कमाल सहा वर्षे मिळतात, त्यामुळे ही कागदपत्रे फिरत असताना संगणकावरचे काम उरकणे शहाणपणाचे ठरते.

सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिताना 'वटवाघळांची प्रतिकारशक्ती' असे शीर्षक देऊ नये. वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती आहेत आणि त्यांची जनुके एकाच दिशेने गेलेली नाहीत. ऑस्ट्रेलियातील काळ्या फलाहारी वाघळात इंटरफेरॉन-अल्फाची (इंटरफेरॉन म्हणजे विषाणू आल्याचा इशारा देणारी प्रथिने) केवळ तीन जनुके आहेत (माणसात तेरा आहेत) आणि ती विषाणू नसतानाही चालू असतात, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट २०१८ मध्ये इजिप्तच्या फलाहारी वाघळाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात इंटरफेरॉन-ओमेगाची जनुके वाढलेली आढळली. म्हणून एक जनुककुल (एकमेकांसारख्या जनुकांचा गट) आणि पाच-सहा जाती निवडाव्यात, आणि प्रश्न असा ठेवावा की त्याचे उत्तर 'नाही' आले तरी प्रबंध उभा राहील.

जनुके आणि प्रथिने यांचे क्रम एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतात. सरावासाठी स्टिंग हे प्रथिन घ्यावे. पेशीद्रवात भरकटलेल्या डीएनएची वर्दी मिळाली की ते इंटरफेरॉनचा मार्ग सुरू करते. अलाइनमेंट (वेगवेगळ्या जातींचे क्रम एकाखाली एक जुळवलेली मांडणी) उघडून मानवी क्रमाच्या ३५८ व्या स्थानावर यावे. इतर सस्तन प्राण्यांच्या ओळींत तेथे सेरीन या अमिनो आम्लाचा एस उभा दिसतो, तर वटवाघळांच्या ओळींत त्या जागी दुसरेच अक्षर असते. या एका बदलामुळे इंटरफेरॉनचा प्रतिसाद सौम्य होतो, हे २०१८ मध्ये दाखवले गेले. ही जागा स्वतःच्या डोळ्यांनी सापडली, की क्रम नीट जुळवले गेले आहेत याची खात्री पटते, आणि मगच नैसर्गिक निवडीचा दाब मोजणाऱ्या आज्ञावलीकडे वळावे.

खरी फसगत पुढे आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात मी एका जातीत एक जनुक 'नष्ट झाले' असे ठामपणे लिहिले होते. लांब तुकड्यांतून जोडलेली नवी असेम्ब्ली (वाचलेले डीएनएचे तुकडे जोडून उभा केलेला जनुकसंच) आली, तेव्हा ते जनुक जागच्या जागी निघाले, आणि आधीच्या जोडणीत तेथे नुसती फट होती. इंटरफेरॉनसारखी एकमेकांशेजारी असलेली सारखी जनुके लहान तुकड्यांच्या जोडणीत एकावर एक चेपली जातात, त्यामुळे त्यांची संख्याही कमी भरते. जनुक नाही असे म्हणण्यापूर्वी त्याचे दोन्ही बाजूंचे शेजारी सापडतात का, मधला भाग अखंड वाचला गेला आहे का, न जोडलेल्या कच्च्या वाचनांत त्याचा मागमूस आहे का आणि जवळच्या जातींतही ते नाही का, हे चारही तपासावे. पायहिन (पेशीतला परका डीएनए ओळखणाऱ्या प्रथिनांच्या) जनुककुलाचा अभाव २०१३ मध्ये दोन जातींत नोंदवला गेला, पण तो दावा पक्का मानला गेला तो अधिक जाती तपासल्यावरच.

परवानग्या हाती आल्यावरही प्राण्याला मारण्याची गरज नसते. टॉर्च मागून धरून पंखाचा पडदा उजळला की रक्तवाहिन्यांचे जाळे स्पष्ट दिसते. ते टाळून ३ मिलिमीटरच्या पंचने (गोल छिद्र पाडणाऱ्या हत्याराने) तुकडा घ्यावा, छिद्र काही आठवड्यांत भरून येते. गाभण आणि पिलू अंगाशी असलेल्या माद्या लगेच सोडून द्याव्यात. हे काम हिवाळ्यातच करावे, कारण पेशी जिवंत हव्या असतात आणि भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात बर्फाचा डबा फार वेळ तग धरत नाही.

या तुकड्यातून वाढवलेल्या पेशींना जिवंत विषाणू देण्याचा हट्ट धरू नये. महाबळेश्वरच्या गुहेतील वाघळांत निपाह या घातक विषाणूविरोधी प्रतिपिंडे सापडली, पण तो अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केला होता, आणि तिच्याकडे चौथ्या, म्हणजे सर्वोच्च स्तराची जैवसुरक्षा प्रयोगशाळा आहे. आपल्यासाठी पॉली आय-सी पुरते. हा दुहेरी धाग्याचा कृत्रिम आरएनए पेशीत सोडला, की पेशी विषाणू आल्याप्रमाणेच वागते.

यानंतर क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे हे मोजणारी चाचणी) करताना एक खुबी ध्यानात ठेवावी लागते, जी कोर्सवर्कमध्ये क्वचितच सांगितली जाते. इंटरफेरॉन-अल्फाच्या जनुकात इंट्रॉन (आरएनए तयार होताना कापून टाकला जाणारा मधला भाग) नसतो, म्हणून आरएनएच्या नमुन्यात डीएनएचा अंश राहिला, तर तोही हुबेहूब त्याच लांबीचा तुकडा देतो, आणि बंद असलेले जनुक 'सदैव चालू' असल्याचा भास होतो. प्रत्येक नमुना डीएनेझने (डीएनए तोडणाऱ्या विकराने) साफ करावा आणि त्याच्या शेजारी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएपासून डीएनए बनवणारे विकर) न घातलेली एक नळी लावावी. त्या नळीतही आलेख वर चढला, तर त्या दिवसाचे आकडे वहीत खोडून आरएनए पुन्हा काढावा.