भिजलेलं जनरल रजिस्टर आणि मामाच्या गावी गेलेली पोरं

सप्टेंबर 2025 च्या पुरात सीना नदीचं पाणी परंडा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत शिरलं. गाळ गावकऱ्यांनी फावड्यानं ओढून काढला. मला घोर लागला तो जनरल रजिस्टरचा. पोरांच्या जन्मतारखा, दाखल्यांच्या नोंदी, सगळं त्यातच.

उन्हात टाका, असं बरेच जण म्हणाले. मी टाकू दिलं नाही. कडक उन्हात कागद आक्रसतो. सावलीत उभं ठेवून पंखा लावला, थोड्या थोड्या पानांआड कोरे कागद घातले, ते ओलसर झाले की बदलले. चिकटलेली पानं ओढायची नाहीत, वाळता वाळता बरीचशी आपोआप सुटतात. सुटलेल्या पानाचा लगेच फोटो काढला. शाई पसरलीय, पण नावं वाचता येतात.

घरं पडलेली पोरं मामाकडं, आत्याकडं गेली होती. तिथली एक शाळा सातवीतल्या एका मुलीला दाखल्याशिवाय घेईना. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5 प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलमाची प्रत आणि यू-डायसवरची, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन यादीतली, नोंद घेऊन मी पालकांसोबत गेलो. ती मुलगी त्याच दिवशी वर्गात बसली. दाखला मी नंतर पोचवला. पुस्तकं मात्र अजून कमी आहेत, दोघींत एक संच चालवतोय.