कामावर परत रुजू झालो आणि ईएसआयचे शेवटचे पैसे अडकले: माझा अनुभव

सायकोसिसमुळे (गंभीर मानसिक आजार) रजेवर असताना ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) विस्तारित आजार लाभ, म्हणजे ठराविक लांबलेल्या आजारांत पगाराच्या 80 टक्के, नीट मिळत होता. लोट्याला (रत्नागिरी जिल्हा) कंपनीत परत रुजू झालो आणि शेवटचा क्लेम अडकला. उत्तर एकच: 'कंपनीची माहिती जुळत नाही.' अर्ज पुन्हा भरला, एचआरला फोन केले, उपयोग शून्य. डोकं फिरायची वेळ आली होती.

घोळ निघाला गणपतीचा. कंपनीने सगळ्यांबरोबर माझ्याही खात्यात सणाच्या सुट्टीचा पगार टाकलेला. तेव्हाच्या ईएसआय कायद्याच्या कलम 63 प्रमाणे पगारी सुट्टीच्या दिवसाचा आजार लाभ मिळत नव्हता. बाप्पाच्या नावाने मिळालेला पगार परत कोण करणार!

मग याच क्रमाने गेलो. आधी डॉक्टरांचं फायनल सर्टिफिकेट. त्यावरची रुजू व्हायची तारीख हजेरीपटाशी ताडून पाहिली. नंतर एचआरकडून फॉर्म 10 (मी कामावर नव्हतो याची कंपनीने दिलेली खातरजमा) नव्याने, पगारी दिवस वेगळे दाखवून. सगळ्यात शेवटी फॉर्म 9, म्हणजे माझा क्लेमचा अर्ज, ते दिवस वगळून. पैसे जमा झाले.

सुरुवातीला अर्धा दिवस जाणार असाल तर तोही कामाचाच दिवस, त्याचा क्लेम लावू नका. आणि लाभ चालू असताना कंपनी कामगाराला काढून टाकू शकत नव्हती, 1948 च्या ईएसआय कायद्याचं कलम 73 (नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे). कोणी राजीनामा मागितला तर सही करू नका.