अमेरिकेतल्या लहान ग्रामीण रुग्णालयाचं मेडिकेअर बिल कसं तपासावं?

मुलांकडे अमेरिकेत स्थायिक झालेल्या आईवडिलांना मेडिकेअर (मुख्यतः ६५ वर्षांपुढच्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) मिळालं की घरचे निर्धास्त होतात. पण घर आडगावी असेल, तर बिल हातात घेऊन नीट बसा.

आधी रुग्णालयाचा प्रकार पाहा. मेडिकेअरच्या संकेतस्थळावर नाव शोधलं की तो दिसतो. तिथे 'क्रिटिकल ॲक्सेस' असेल तर हिशेबच वेगळा. १९९७च्या कायद्याने आलेली ही वर्गवारी. जास्तीत जास्त २५ खाटा, चोवीस तास तातडीची सेवा आणि मूळ नियमाप्रमाणे पुढचं रुग्णालय ३५ मैलांहून लांब, पण यातून अनेकांना सूट आहे. अशी रुग्णालयं बंद पडू नयेत म्हणून मेडिकेअर त्यांना ठरावीक दर न देता वाजवी खर्चाच्या १०१ टक्के धरून पैसे देतं.

खरी मेख रुग्णाच्या वाट्यात आहे. दाखल न होता घेतलेल्या बहुतेक उपचारांचे २० टक्के रुग्ण भरतो, आणि इथे ते रुग्णालयाने लावलेल्या आकारावर मोजतात. समजा, स्कॅनचा आकार १,००० डॉलर आणि खरा खर्च ५००. डिडक्टिबल (मेडिकेअर पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी रुग्णाने भरायची रक्कम) आधीच भरली असेल, तर रुग्णाचे २०० आणि मेडिकेअरचे साधारण ३०५. म्हणजे नावाला २० टक्के, प्रत्यक्षात खर्चाचा ४० टक्के भार म्हाताऱ्या माणसावर! मला हे अन्यायाचं वाटतं. म्हणून तातडीचं नसेल तर दुसऱ्या रुग्णालयात किती पडेल, हे आधी विचारा. रक्ताच्या तपासण्यांना मात्र हा वाटा लागत नाही.

रात्रभर ठेवून घेतलं, तर 'दाखल केलंय की ऑब्झर्व्हेशनवर (दाखल न करता नुसतं निरीक्षणाखाली) ठेवलंय?' हे त्याच दिवशी विचारा. खाट तीच, नर्स तीच, पण ऑब्झर्व्हेशनचे दिवस दाखल म्हणून धरत नाहीत. पुढे त्याच रुग्णालयात नर्सिंग-देखभालीसाठी राहायचं, तर मेडिकेअरने त्याचे पैसे देण्यासाठी आधी सलग तीन दिवस दाखल असावं लागतं.

मेडिकेअरकडून हिशेबाचं पत्रक येईल. त्यावर 'हे बिल नाही' असं छापलेलं असतं. ते हाती आल्याशिवाय पैसे भरू नका. रुग्णालयाच्या बिलाशी ओळ न् ओळ ताडून पाहा. निर्णय पटला नाही, तर पत्रक मिळाल्यापासून १२० दिवसांत अपील करता येतं. मेडिकेअर ॲडव्हान्टेज (खासगी विमा कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असेल तर नियम त्या कंपनीचे, तिलाच विचारा.

मेडिकेअरला पूरक असा मेडिगॅप विमा असेल तर रुग्णाचा २० टक्क्यांचा वाटा बहुधा तो उचलतो. तोही नसेल आणि रक्कम झेपत नसेल, तर आर्थिक मदतीचा अर्ज मागा. ना-नफा रुग्णालयांना असं धोरण ठेवावंच लागतं आणि पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज घ्यावा लागतो.