टीव्हीवरचे पट्टे आणि ठिपके: दोष कुठे आहे ते कसं शोधायचं

चित्रात पट्टे सरकू लागले की पहिला हात जातो मागच्या वायरींच्या गुंत्यात. सगळ्या पिना काढून परत घातल्या जातात. कधी चित्र सुधारतंही, पण कशामुळे ते कळत नाही आणि दुखणं परत येतं. म्हणून मी आधी शांतपणे चित्र बघतो, मग एका वेळी एकाच वायरीला हात लावतो.

पिवळ्या पिनेच्या जुन्या जोडणीत आडवा, रुंद पट्टा हळूहळू वर किंवा खाली सरकत असेल, तर तो मेन लाइनचा, म्हणजे घरातल्या विजेचा. असे दोन पट्टे दिसले तर एखाद्या उपकरणाच्या पॉवर सप्लायमधला कपॅसिटर (विजेतली लहर सपाट करणारा भाग) थकला असण्याची शक्यता जास्त, कारण रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतर) उरणारी लहर मेनच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीची असते. पट्टा एकच असेल तर मी अर्थिंगवर संशय घेतो. घरातली उपकरणं एका ठिकाणी अर्थ झालेली, केबलची वायर बाहेर दुसरीकडे. दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये जरासा फरक पडला की वायरच्या शील्डमधून, म्हणजे आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून, करंट वाहतो. ॲम्प्लिफायरची घुमणारी गुणगुणही बऱ्याचदा याचीच.

तपासायचं असं: डीव्हीडी प्लेअरचं चित्र लावा आणि केबलची कोॲक्स वायर (टीव्ही सिग्नलची गोल, जाड वायर) सोडवा. पट्टा गेला? मग दोषी सापडला. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, आणि तरीही पट्टा राहिला तर त्या वायरीवर ग्राउंड आयसोलेटर (शील्डमधला हा करंट अडवणारा छोटा जोड) लावा. डिशच्या वायरीवर मात्र साधा आयसोलेटर चालत नाही. तिच्यातूनच एलएनबीला (डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातो, तो अडतो.

अर्थिंगची पिन तोडून पट्टा घालवायचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. पट्टा जाईलही, पण उद्या आत काही बिघडलं तर उपकरणाच्या धातूच्या खोक्यात करंट येईल आणि घरातलं कुणीतरी त्याला हात लावेल.

एचडीएमआयचं दुखणं निराळं. पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो. ४के ६० फ्रेमच्या पूर्ण दर्जाच्या चित्राला सेकंदाला सुमारे १८ गिगाबिट लागतात, लांब वायर तिथे दमते. प्लेअर १०८०पीवर आणून बघा. ठिपके थांबले तर वायर बदला, शक्यतो आखूड घ्या. नाही थांबले तर प्लेअर आणि टीव्हीच्या मध्ये असलेला रिसीव्हर (ॲम्प्लिफायर) बाजूला काढून प्लेअर थेट टीव्हीला जोडा.

चित्राचे चौकोन तुटत असतील तर सिग्नल कमजोर आहे. कोॲक्सचे कनेक्टर घट्ट करा, स्प्लिटरच्या (एका वायरीचा सिग्नल अनेक वायरींत वाटणाऱ्या डबीच्या) रिकाम्या तोंडांवर ७५ ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे तोंड बंद करणाऱ्या टोप्या, लावा. दिव्याचा डिमर फिरवल्यावरच बारीक रेघा येत असतील तर पॉवरच्या वायरी सिग्नलच्या वायरींपासून लांब न्या. जिथे ओलांडाव्याच लागतील तिथे काटकोनात ओलांडू द्या.