जुनी हाय-फाय यंत्रे घेताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी भुसावळच्या नाना नावाच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरून मी बेल्टवर चालणारे एक टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवणारे यंत्र, साडेचार हजार रुपयांना घेतले. त्यांच्या मेहुण्याने ते अमेरिकेहून आणले होते आणि सोबत २३० व्होल्टचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मरही होता. “भाऊ, हाई आजून बी झकास वाजस,” असे म्हणत नानांनी त्यांच्याकडची एक तबकडी लावून दाखवली. आवाज स्वच्छ होता, त्यामुळे मी घासाघीसही केली नाही. घरी आल्यावर माझ्या रोजच्या ऐकण्यातली तबकडी लावली, तेव्हा हार्मोनियमच्या काळी चारमध्ये गाणारी गायिका चक्क पांढरी चारवर उतरलेली होती.

नानांनी फसवले नव्हते. चूक माझी होती. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची, आणि जुन्या साध्या एसी मोटरचा वेग या हर्ट्झवरच ठरतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी तबकडी जिच्यावर ठेवतात ती थाळी सुमारे २७.८ फेऱ्या घेत होती, म्हणजे सूर हार्मोनियमच्या तीन पट्ट्यांनी खाली. शेवटी जळगावच्या एका लेथवाल्याकडून मोटरवरची, बेल्ट फिरवणारी पितळी पुली करून घेतली. व्यास मूळ पुलीच्या १.२ पट हवा एवढेच मी त्याला सांगितले आणि बेल्टची जाडी हिशेबात धरली नाही, त्यामुळे पहिली पुली किंचित लहान पडली व दुसरी करावी लागली. दोन पुल्या, नवा बेल्ट आणि नवी सुई मिळून खर्च टर्नटेबलच्या किमतीच्या वर गेला. म्हणून पहिली चूक हीच की आपण विक्रेत्याच्या तोंडची किंमत पाहून सौदा ठरवतो, वास्तविक यंत्र नीट वाजू लागेपर्यंत लागणारा सगळा पैसा आधी मांडायला हवा.

वेग तपासणे अगदी सोपे आहे. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवावा, मोबाइलवर तीन मिनिटे लावावीत आणि फेऱ्या मोजाव्यात. बरोबर १०० भरल्या पाहिजेत. शिवाय तबकडी नेहमी आपली, पाठ असलेली न्यावी. विक्रेत्याची अनोळखी तबकडी वाजवून पाहण्यात माझ्यासारखी गफलत हमखास होते.

जपानहून आलेल्या यंत्रांबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. तेथील घरगुती वीज १०० व्होल्टची असते, त्यामुळे मागच्या पट्टीवरचा आकडा न वाचता थेट आपल्या प्लगमध्ये जोडल्यास फ्यूज उडतो किंवा ट्रान्सफॉर्मरच जळतो. दुसरे म्हणजे, जपानी बाजारासाठी बनलेल्या जुन्या ट्यूनरचा, म्हणजे रेडिओ पकडणाऱ्या यंत्राचा, एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा असतो, त्यामुळे आपल्याकडची बहुतेक स्टेशने त्यावर लागतच नाहीत. निव्वळ शोभेसाठी घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी.

अॅम्प्लिफायर पाच मिनिटे वाजवून पैसे देणे ही सर्वांत महागडी चूक. थंड असताना उत्तम वाजणारे यंत्र तापल्यावर एक बाजू सोडून देते, आणि आपल्या उन्हाळ्यात तर ते लवकर तापते. वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतला द्राव वर्षानुवर्षे सुकत जातो, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या गावात पत्र्याच्या खोलीत वीस वर्षे पडून राहिलेला अॅम्प्लिफायर बाहेरून कितीही चकचकीत असला तरी आतले कपॅसिटर बदलावे लागतील असे धरूनच भाव करावा. निदान पाऊण तास वाजवून पाहावा. कोणी घाई करू लागले तर चहा मागवावा आणि बसून राहावे.

बरीच वर्षे बंद असलेला अॅम्प्लिफायर मात्र थेट चालू करू नये. आपले रेडिओ दुरुस्तीवाले यंत्राची वीज बल्बमधून नेणारा जो सिरीज बोर्ड वापरतात, त्यावर ६० किंवा १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावून पाहावे. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो भरभरून पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. त्यानंतर स्पीकर न जोडता स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजावे. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही. कित्येक व्होल्ट दिसत असतील तर तो अॅम्प्लिफायर तुमच्या स्पीकरची कॉइल जाळणार आहे. आउटपुटला कपॅसिटर असलेल्या काही फार जुन्या रचना सोडल्या तर दोनशे-तीनशे रुपयांच्या मीटरने होणारी ही तपासणी कोणत्याही आश्वासनापेक्षा भरवशाची आहे.

वॅटच्या आकड्यांना तर मुळीच भुलू नये. नव्वदच्या दशकातल्या म्युझिक सिस्टिमवर हजार-हजार वॅट पीएमपीओ (क्षणिक कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) छापलेले असे आणि लग्नाच्या आहेरात त्याचे कौतुकही होई. मागच्या पट्टीवर वीजखप किती वॅट लिहिला आहे ते वाचावे. जे यंत्र भिंतीतून ६० वॅट ओढते, ते सतत हजार वॅट कुठून देणार? आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, हा शब्द आणि त्यापुढचा आकडा दिसला तरच तो जमेस धरावा.

आपल्याकडे मंडपवाल्यांकडून निघालेले लाउडस्पीकरचे अॅम्प्लिफायरही हाय-फाय म्हणून विकले जातात. ते दणकट असतात, दुरुस्तीही सोपी असते. पण त्यांची रचना भाषणासाठी आणि लांब तारांवरच्या कर्ण्यांसाठी केलेली असते. त्यावरच्या ७० किंवा १०० व्होल्टच्या टोकांना घरातला ८ ओहमचा स्पीकर जोडू नये.

स्पीकर पाहताना जाळी काढायला लावावीच. शंकूच्या कडेची फोमची कड बोटाने हलकेच दाबावी. तिचा भुगा होत असेल तर ती बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. फोमची कड बदलता येते, त्यामुळे तेवढ्यावरून चांगला स्पीकर नाकारू नये. शंकू दोन्ही हातांनी सरळ आत ढकलल्यावर खरखर लागली तर मात्र कॉइल घासत आहे, आणि अशी जोडी मी उचलत नाही.

सुईबद्दल लोक फारच निष्काळजी असतात. सुईचे आयुष्य साधारण ५०० ते १००० तास, आणि जुन्या यंत्रावरची सुई किती वाजली आहे हे कोणालाच माहीत नसते. झिजलेली सुई तबकडीची चर कायमची खरवडते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना बरीच जाड, सुमारे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची चालत नाही.

घरी आणल्यावर दोष आढळला तर लगेच पेचकस घेऊ नये. एकाच बाजूने आवाज येत असल्यास टर्नटेबलच्या डाव्या-उजव्या पिना अॅम्प्लिफायरमागे अदलाबदल कराव्यात. मुकी बाजू बदलली तर दोष टर्नटेबलकडे, तीच राहिली तर अॅम्प्लिफायर किंवा स्पीकरकडे. टर्नटेबल लावल्यावरच घुंईऽऽ असा आवाज येत असेल तर आधी अर्थची बारीक तार स्क्रूखाली आहे का ते पाहावे. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. आवाज अगदी क्षीण आणि किरटा येत असेल तर पिन टर्नटेबलसाठीच्या फोनो खाचेऐवजी इतर यंत्रांसाठीच्या ऑक्समध्ये गेली आहे. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लिनरने जाते. खोबरेल किंवा मशीनचे तेल सोडू नये, त्यावर पुढे धूळ बसून घट्ट थर होतो.

मुंबई-पुण्याहून टर्नटेबल मागवणार असाल तर थाळी आणि टोनआर्ममागचे (सुई धरणाऱ्या दांड्यामागचे) वजन काढून वेगळे बांधायला सांगावे, आर्म दोऱ्याने बांधायला लावावा. तसेच पाठवलेले टर्नटेबल खोक्यात थाळी सैल होऊन स्वतःचाच आर्म मोडून घेते. मी स्वतः दुसरे टर्नटेबल कल्याणहून पॅसेंजरने मांडीवर घेऊन आलो, आणि थाळी तेवढी पिशवीत कपड्यांमध्ये होती.