घर बदलताना मांजराला नव्या जागेत कसं रुळवावं

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं, असं आपल्याकडे म्हणतात. पण त्या सातही जागा त्याने स्वतः हेरलेल्या असतात. आपण घर बदलतो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही. मांजर आपली जागा वासावरून ओळखतं. दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला गाल घासून त्याने आपला वास लावलेला असतो. नव्या फ्लॅटमध्ये त्यातलं काहीच नसतं, वर ताज्या रंगाचा दर्प. त्याची भीती खरी आहे आणि ती घालवणं आपलं काम आहे.

१. आधी घर तपासा

बाल्कनी आणि खिडक्यांना पक्की जाळी बसवल्याशिवाय मांजर आणूच नका. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडू शकतं, आणि मच्छरजाळी त्याच्या वजनाने निघून येते. बाथरूमच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्यांमधली फटही विसरू नका.

लादी पुसायला फिनाइल नको. त्यातले फिनॉलसारखे घटक मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत आणि पंजे चाटताना ते थेट पोटात जातात. साबणाचं पाणी पुरतं. आधीच्या लोकांनी ट्रॉलीमागे, माळ्यावर डांबरगोळ्या किंवा उंदराचं औषध ठेवलं असेल तर शोधून काढून टाका.

२. सामान हलवायचा दिवस

मांजरं पळतात ती याच दिवशी, कारण दार सताड उघडं असतं. सकाळीच त्याला एका खोलीत बंद करा, दारावर ‘आत मांजर आहे, उघडू नये’ असा कागद लावा आणि सगळं सामान गेल्यावर त्याला शेवटी न्या. कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, काही दिवस आधीपासून घरात उघडा ठेवलात तर ते त्यात आपणहून जाऊन झोपायला लागतं. निघण्याआधी तीन-चार तास खाणं देऊ नका. प्रवासात कॅरिअरवर चादर टाका. सामानाच्या टेम्पोत किंवा स्कूटरवर मांडीत धरून नेऊ नका.

३. सुरुवातीला एकच खोली

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि उत्साहाच्या भरात नेमकी हीच सुटते. अख्खं घर एकदम दाखवू नका. एक शांत खोली निवडा. तिथे त्याचं न धुतलेलं जुनं अंथरूण, नखं घासायची जुनी वस्तू आणि लपायला एक खोका ठेवा. लिटर ट्रेमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये, जुन्या घरातलं वापरलेलं लिटर (ट्रेमध्ये पसरतात ती वाळू) मूठभर मिसळा. खाणं-पाणी ट्रेपासून लांब असू द्या.

ते पलंगाखाली जाऊन बसेल. बसू द्या. ओढून बाहेर काढलंत तर लपायची जागाही सुरक्षित नाही, एवढंच ते शिकेल. तुम्ही जमिनीवर बसा, हलक्या आवाजात बोला. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटा आणि उघडा. काही मांजरं दोन दिवसांत बाहेर येतात, काहींना आठवडे लागतात. भित्र्या मांजराला घाई केलीत तर उलट जास्त वेळ जातो.

४. खाणं आणि लघवी यांवर नजर

एखादं जेवण चुकलं तर चालेल. पण पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, कारण उपाशी राहिल्यास मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. ताणामुळे मूत्राशय सुजतो आणि बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो पूर्ण तुंबू शकतो. त्यात जीव जातो.

५. घर थोडं थोडं उघडा

नीट खायला लागलं, शेपूट वर करून फिरू लागलं की पुढची खोली उघडा. आधी एक मऊ फडकं त्याच्या गालांवरून फिरवा आणि तेच नव्या खोलीतल्या कोपऱ्यांना, फर्निचरला त्याच्या उंचीवर पुसा. जेवणाच्या वेळा जुन्याच ठेवा.

वास्तुशांत, सत्यनारायण असेल तेव्हा त्याला आपल्या खोलीत बंदच राहू द्या. धूर, गर्दी, उघडं दार, तिन्ही त्याच्यासाठी वाईट. पाहुण्यांनी आणलेल्या गुच्छात लिली असेल तर ती घरात ठेवूच नका. तिचे परागकण किंवा फुलदाणीतलं पाणी पोटात गेलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

६. बाहेर सोडायची सवय असेल तर

निदान तीन-चार आठवडे घरातच ठेवा. जुनं घर जवळ असेल तर ते तिकडे परत जाऊ शकतं, म्हणून तिथल्या वॉचमनला आणि शेजाऱ्यांना फोटो आणि नंबर देऊन ठेवा. निसटलंच तर आधी अगदी जवळ शोधा: जिन्याखाली, मीटररूममध्ये, गाड्यांच्या खाली. घाबरलेलं मांजर हाक मारली तरी ओ देत नाही. रात्री सगळं शांत झाल्यावर टॉर्च घेऊन पुन्हा जा, अंधारात त्याचे डोळे चमकतात.