पावसातली मॅच : या चुका टाळा

पावसाळ्यात मुंबईत शालेय फुटबॉल जोरात असतो. त्यामुळे महत्त्वाची मॅच नेमकी धो धो पावसात येणार, हे धरूनच चालावं. तरी पोरं कोरड्या मैदानावरचाच खेळ खेळायला जातात आणि सुरुवातीलाच गोल खाऊन बसतात.

सगळ्यात मोठी चूक वॉर्म-अपच्या आधीच होते : मैदान कुणी बघत नाही. बॉल घेऊन दोन्ही गोलसमोर, कॉर्नरपाशी आणि मध्यावर जा, छातीच्या उंचीवरून सोडून बघा. जिथे तो ‘चप्प’ करून बसतो, तिथे जमिनीवरून पास द्यायचा नाही. गोलसमोरचं गवत झिजून खळगा झालेला असतो, पाणी आधी तिथेच साचतं. गोलकीपरला दिलेला साधा बॅकपास त्या डबक्यात थबकतो, गोलकीपर जागेवर वाट बघत राहतो आणि समोरचा फॉरवर्ड पाणी उडवत येऊन पोचलेला असतो. हा गोल बघताना पोटात गोळा येतो, कारण तो सहज टळला असता.

१९७४च्या वर्ल्ड कपमध्ये फ्रँकफर्टला पश्चिम जर्मनी-पोलंड सामन्याआधी मैदानातलं पाणी पंपांनी उपसावं लागलं होतं. पोलंडचा जीव विंगवरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणाऱ्यांच्या वेगात, आणि बॉल पाण्यात अडकत राहिला. गेर्ड म्युलरच्या एका गोलवर जर्मनी फायनलला गेली. म्हणून डबक्यांच्या पट्ट्यात ड्रिबल, म्हणजे बॉल पायाशी ठेवून पळणं, नको. बॉल उचलून मारा, टप्प्याची वाट न बघता पुढे सरका.

गोलकीपरने ओला बॉल हातात धरायचा हट्ट सोडावा. शंका आली की मुठीने बाजूला ढकला. आपल्या फॉरवर्डना सांगून ठेवा : लांबून खाली मारा आणि निसटलेल्या बॉलवर धावा.

झिजलेल्या स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट नकोतच. १९५४च्या वर्ल्ड कपच्या बर्नमधल्या ओल्या फायनलला पश्चिम जर्मनीने स्क्रूचे लांब स्टड लावले होते आणि हंगेरीला ३-२ हरवलं. हाफटाइमला कोरडे मोजे आणि जर्सी हवीच. घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, गॅसजवळ ठेवू नका, सोल सुटतो.

आणि वीज. गडगडाट ऐकू आला की स्कोअर काहीही असो, मैदान सोडा. झाडाखाली नाही; पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं तिथेच थांबा.